बागेश्री आणि चाळीस खुर्च्या

गाणं ऐन रंगात असताना श्रोत्याची खुर्ची काढून नेता येते, तीही 'काका' म्हणून, अदबीने, वर आभार मानून. गेल्या शनिवारी नाशकात हे घडलं आणि ज्याची खुर्ची गेली तो मी. राग अजून उतरलेला नाही. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचावं.

बुवांचं नाव लिहीत नाही, कारण यात त्यांचा काही दोष नाही. संस्थेचं लिहीत नाही. दोष त्यांचा आहे, पण बुवांना नाशकात आणणारं दुसरं कोणी नाही आणि मला पुढच्या वर्षीही जायचंय. लॉन्सचं नाव लिहून उपयोग नाही. गंगापूर रोडला लागलं की एकामागोमाग एक लॉन्सच आहेत आणि सगळ्या एकाच साच्यातल्या: दारात कमान, कमानीत गणपती, आत बंद पडलेलं कारंजं, मधे हिरवळ आणि टोकाला नवरा-नवरीसाठी बांधलेलं स्टेज. या स्टेजच्या पाठीशी फायबरचा भलामोठा शिंपला असतो आणि शिंपल्यावर मोर. फोटोत छान दिसतो. गाण्याला मात्र त्याच्याइतकी घातक वस्तू नाही. आतून वळलेली भिंत आवाज गोळा करते आणि गाणाऱ्याच्या मायकावर आणून टाकते. माईक तो स्पीकरला देतो, स्पीकर पुन्हा शिंपल्याला, की 'कुंईऽऽ' करून शिट्टी सुटते. शिट्टी सुटली की साउंडवाला अख्खा आवाजच उतरवतो. मग मागचे 'आवाऽऽज' म्हणून ओरडतात, तो चढवतो, की पुन्हा शिट्टी. शिंपल्यावर जाड पडदा सोडला असता तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला असता. पण मग मोर झाकला गेला असता.

पत्रिकेवर वेळ 'सायंकाळी ठीक 6' अशी होती. ठीक सहाला हिरवळीवर पाणी मारून संपलं. ओल्या मातीत प्लॅस्टिकची खुर्ची चारही पायांनी सारखी रुतत नाही. माणूस मागे रेलतो म्हणून मागचे दोन पाय आधी जातात. सातपर्यंत सगळा श्रोतृवर्ग हळूहळू आभाळाकडे तोंड करून बसला. पुढे दोन रांगा सोफ्यांच्या होत्या. त्यांना लाल फीत बांधलेली आणि फितीच्या राखणीला एक स्वयंसेवक. त्या सोफ्यांवर शेवटपर्यंत कोणी बसलं नाही आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. अख्ख्या कार्यक्रमात आपलं काम चोख करणारा तो एकटा.

दीपप्रज्वलन पावणेसातला. समईला पाच वाती, पाहुणे सात, वारा पश्चिमेचा. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पुष्पगुच्छ, प्रत्येकाचा फोटो, फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो. प्रमुख पाहुण्यांनी 'मला गाण्यातलं काही कळत नाही' अशी सुरुवात केली. एवढं कळल्यावर माणसाने खाली बसायला हवं. ते 22 मिनिटं बोलले. त्यात नदीजोड प्रकल्प आला, द्राक्षांची निर्यात आली, रिंग रोड आला. ज्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याची विद्या चारचौघांसाठी खुली केली, त्यांनी उत्तरायुष्यात याच गावात रामनाम आधाराश्रम चालवला, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर 1921 साली इथेच जन्मले, हे काही आलं नाही. कुणीतरी एक चिठ्ठी लिहून द्यायला हवी होती.

या सगळ्या वेळात बुवा, तंबोरे, तबले आणि पेटी स्टेजमागच्या खोलीत होती. खोलीच्या दारावर 'वधूपक्ष' अशी पाटी. आत हीटर लावलेला. म्हणजे वाद्यं उबेत ठेवली आणि गाणं सुरू व्हायच्या क्षणी जानेवारीच्या उघड्या थंडीत आणली. पुढचा पाऊण तास कसा जाणार हे तिथेच ठरलं.

कारण असं की तंबोऱ्याची तार गारठली की आखडते आणि सूर चढतो. तबल्याच्या पुडीला, म्हणजे वरच्या चामड्याला, दव लागलं की ती सैलावते आणि सूर उतरतो. दोघं एकाच थंडीत विरुद्ध दिशांना निघतात आणि पेटी मधे आपली जागा धरून बसते. तंबोरेवाला खुंटी सोडतोय, मणी सरकवतोय. तबलजी हातोडी घेऊन 16 घरं फिरतोय. दोघांचं जुळतंय म्हणेपर्यंत वाऱ्याची झुळूक येते. यावर माझ्या मागच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, 'हे आधी घरून लावून का नाही आणत?' घरून लावूनच आणलेलं असतं, बाई. म्हणून तर उतरलंय. यावर उपाय जुना आणि फुकट आहे: वाद्यं गवसणीतून काढून तासभर आधी जिथे वाजवायची तिथेच ठेवायची, हवेचा त्यांच्यावर व्हायचा तो परिणाम होऊ द्यायचा आणि मग लावायची. त्यासाठी तासभर आधी स्टेज मोकळं लागतं. स्टेजवर तेव्हा नदीजोड प्रकल्प चालू होता.

लावणं संपलं तेव्हा काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी नमस्कार केला. मोठ्या मनाचा माणूस.

आणि मग राग बागेश्री. तंबोरा मध्यमाला लावलेला. पहिला स्वर लागला आणि त्याच्याबरोबर स्पीकरमधून 'भूंऽऽऽ' असा एक दुसरा स्वर ऐकू यायला लागला. तो अखेरपर्यंत गेला नाही.

इथे थोडा हिशेब करावा लागेल, कारण माझं दुःख हिशेबाशिवाय कळायचं नाही. आपली वीज 50 हर्ट्झची. मिक्सरचं अर्थिंग एका ठिकाणी केलेलं, अ‍ॅम्प्लिफायरचं दुसऱ्या, आणि त्यांना जोडणारी केबल लायटिंगच्या केबलला चिकटून पन्नास फूट गेलेली, असं असलं की ती वीज स्पीकरमधून गायला लागते: 50 चा सूर आणि त्याच्या वरच्या सप्तकात 100 चा. बुवा काळी एकला गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्यांचा षड्ज. काळी एकचा खालचा षड्ज सुमारे 69 हर्ट्झवर येतो. त्यावर शुद्ध मध्यम 92 वर आणि पंचम 104 वर. आपला भुंगा 100 वर, म्हणजे दोघांच्या मधे, तीव्र मध्यमाच्या जरा वर. आता बागेश्रीचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, शुद्ध मध्यम. पंचम आला तर ओझरता. तीव्र मध्यमाला त्या घरात प्रवेश नाही. बुवा जिवाच्या आकांताने शुद्ध मध्यमावर न्यास करतायत आणि बाजूच्या पिंपाएवढ्या स्पीकरमधून अखंड, न थकता, श्वास न घेता तीव्र मध्यम चालू आहे. यमन घेतला असता तर निदान त्याचा तीव्र मध्यम तरी मिळाला असता. थोडा चढा, पण खपला असता. आयोजकांना जर अर्थिंग दुरुस्त करायचं नसेल तर त्यांनी पुढच्या वर्षी पांढरी पाचला गाणारं कोणीतरी शोधावं. तिथे हाच भुंगा षड्ज म्हणून चालून जाईल.

माझ्या रांगेत हे कोणाला खुपत नव्हतं. डावीकडचे गृहस्थ मोबाइलवर रेकॉर्डिंग करत होते आणि मधूनमधून 'क्या बात है' म्हणत होते, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात स्पष्ट तेच ऐकू येणार. पुढची मुलगी अख्खी बंदिश मोबाइलच्या पडद्यातून बघत होती. समोर बुवा सहा फुटांचे बसलेले, ती बोटाएवढे बघत होती.

अशात उजवीकडून कुजबुज आली.

'काका, ही मोकळी आहे?'

मंडपवाल्याच्या टी-शर्टातला, पस्तिशीचा माणूस, कानावर पेन, हातात छोटी डायरी, वाकून उभा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शाल होती.

'माणूस येतोय,' मी म्हणालो.

'कधी?'

'चहाला गेलाय.'

'मग येईस्तोवर...' असं म्हणत त्याने शाल घडी करून माझ्या मांडीवर ठेवली आणि खुर्ची उचलली. मी ती पायाने धरली.

'अहो, काय चाललंय?'

'काका, पलीकडं लग्न आहे.'

'बरं मग?'

'दोन्ही लॉन्स एकाच मालकाच्या. तिकडं सहाशे पान सांगितलं होतं, नऊशे आलं. बुफे आहे, पण म्हातारी माणसं उभ्यानं जेवत नाहीत ना. चाळीस कमी पडल्यात.'

'आणि इथली म्हातारी माणसं उभ्यानं गाणं ऐकतील?'

यावर त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, माझ्याकडे बघत.

'इथं हातात ताट नाही ना काका,' तो म्हणाला.

मी त्याला पुढचे सोफे दाखवले. रिकामे, फीत बांधलेले, एकावर तर मांजर बसलेलं.

'ते व्हीआयपींचे आहेत.'

'व्हीआयपी आलेलेच नाहीत.'

'मग आले तर?'

'साडेआठ वाजलेत. आता कोण येतंय?'

'व्हीआयपी असेच येतात, काका.'

हे मला खोडता येईना. मी शेवटचं अस्त्र काढलं. 'हे बघा, मी पाचशे रुपयांचं तिकीट काढलंय.'

'ते गाण्याचं, काका,' तो समजुतीने म्हणाला. 'खुर्ची मंडपाची.'

मी खिशातून तिकीट काढून मोबाइलच्या उजेडात पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. 'आसनव्यवस्था प्रथम येणाऱ्यास प्राधान्याने' एवढंच होतं. प्रथम येणाऱ्याने किती वेळ बसायचं याचा उल्लेख नव्हता. तोपर्यंत शेजारची खुर्ची गेलेली होती.

तो रांगेतून पुढे सरकला आणि मला एक गोष्ट दिसली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या बारा-बाराच्या चळतीने नेतात. चळत त्याहून उंच झाली की दाराच्या कमानीत अडकते. एक खुर्ची सोडवायची, सरकवायची, चळतीवर चढवायची, ओठांत आकडा म्हणायचा, याला त्याला चार-पाच सेकंद लागत. बारा मात्रांच्या विलंबित एकतालाची मात्राही तेवढीच पडत होती. 'नऊ... दहा... अकरा...' आणि 'बारा'नंतर त्याने चळतीवर थाप मारली ती बरोब्बर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. 'क्या बात है' वाले गृहस्थ दीड मात्रा उशिरा दाद देत होते. अख्ख्या रांगेत सम याला एकट्याला सापडली होती.

परत जाताना तो माझ्यापाशी पुन्हा वाकला. मला वाटलं माफी मागतोय.

'हा भूं आवाज येतोय ना, काका?'

मी चमकून पाहिलं.

'तो त्या दिव्यांच्या डिमरचा आहे. मी चार वाजताच साउंडवाल्याला बोललो, लायटिंग आणि साउंड एका बोर्डावर घेऊ नको. लायटिंगला वेगळी फेज दे, साउंडला वेगळी. ऐकत नाही. पोरगं नवीन आहे.'

चारएकशे लोकांत रोगाचं निदान करणारा एकच भेटला आणि तो खुर्च्या न्यायला आलेला. मी उठलो. 'चला, त्याला सांगू.'

'चला ना,' तो म्हणाला.

साउंडवाला पोरगा मिक्सरमागे वडापाव खात होता. मी म्हटलं, भूं येतोय. त्याने कान टवकारले, दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाला, 'सर, तो तंबोरा आहे.'

यावर काय बोलणार? मी त्याला सगळे माईक क्षणभर बंद करायला सांगितले. माईक बंद, भूं चालूच. तो गोंधळला. मग त्याने उपाय सुचवला: 'मिक्सरच्या प्लगची अर्थची पिन काढून लावू का?' हा उपाय बऱ्याच साउंडवाल्यांना तोंडपाठ असतो आणि त्याने आवाज कधीकधी जातोही. पण ओल्या गवतावर बसलेला मिक्सर, त्याला लोखंडी मायकाची केबल, आणि तो माईक गाणाऱ्याच्या तोंडापाशी. अर्थ काढला आणि आत कुठे गळती असली तर ती बुवांच्या अंगातून जमिनीत जाणार. ते नको म्हटलं. खुर्चीवाल्याने तोवर डिमरचा बोर्ड शोधला आणि खटका पाडला. भूं निम्म्याच्या खाली आला. पहिल्यांदाच तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो झंकार, ऐकू आली. खर्जाची तार खाली किती सुंदर गुंजत होती ते कळलं.

हे सुख फार तर एका आवर्तनाचं. डिमर पडल्याने स्टेजवरचे रंगीत दिवे गेले होते. समितीतले एक जण धावत आले. 'कोणी बंद केलं? शूटिंगला अंधार येतोय!' खटका वर. दिवे आले, तीव्र मध्यम आला.

मी जागेवर परत आलो तर जागा होती, खुर्ची नव्हती. माझा मफलर आणि ती परकी शाल गवतावर नीट घडी करून ठेवलेली. दारातल्या कमानीखाली दुसरा एक पोरगा शेवटची चळत ढकलत होता आणि डायरीवाला माझ्याकडे बघून हात जोडत होता. 'झाल्या चाळीस, काका. थँक्यू हां.'

बाकीचं गाणं मी मागे उभ्याने ऐकलं, कॉफीच्या मशिनशेजारी. मागे उभं राहिल्यामुळे एक नवीन प्रकार लक्षात आला. मागच्यांसाठी म्हणून हिरवळीच्या मध्यावर आणखी दोन स्पीकर उभे केले होते. हेतू चांगला. पण आवाज तारेतून क्षणात पोचतो आणि हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटरने, म्हणजे मीटरमागे 3 मिलिसेकंद लावत. स्टेजपासून 35 मीटरवरच्या स्पीकरमधून 'धा' आधी येतो आणि स्टेजकडचा तोच 'धा' 100 मिलिसेकंदांनी मागून. फरक 50 च्या बराच पुढे गेला की कान त्याला दुसरा आवाज म्हणून धरतो. विलंबितात हे निभावतं. द्रुत तीनताल सुरू झाला, मात्रा पाव सेकंदावर आली आणि प्रत्येक बोलाचं भूत तो बोल आणि पुढचा बोल यांच्या मधे येऊन बसायला लागलं. तबलजी एकटा वाजवतोय की दोघांची जुगलबंदी आहे, सांगता येईना. डिजिटल मिक्सरमध्ये मागच्या स्पीकरला तेवढा उशीर लावायची सोय असते. बऱ्याच मिक्सरमध्ये नुसतं अंतर टाकलं तरी तो हिशेब करून घेतो. अंतर मोजायला टेप लागते, दोन माणसं लागतात आणि पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे टेप फितीच्या कामाला लागली असावी.

कॉफीच्या मशिनबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त एवढंच, की दुधात वाफ सोडताना जो 'सुर्रर्र' होतो तो कॉफीवाल्याला लयीत करता येत नाही, आणि बुवा तार षड्जावर आवाज बारीक करत नेत असताना समितीच्या अध्यक्षांना कडक कॉफी लागते.

नऊनंतर पलीकडच्या लग्नाने जोर धरला. आधी डीजे होता, मग वरात आली आणि वरातीबरोबर ढोल. नाशिक ढोलाचा मला अभिमान आहे. बाहेरगावच्या लग्नातही तो वाजताना ऐकला की मान ताठ होते. पण त्याची जागा रस्ता आहे. मधे आठ फुटी भिंत होती, वर पत्रा. ती खालच्या आवाजाला काहीच अडवत नाही. ढोलाच्या नि डीजेच्या खालच्या सुराची लाट 50 हर्ट्झला जवळजवळ 7 मीटर लांब असते. ती आठ फुटांची भिंत सहज ओलांडून येते. त्यात थंडीची रात्र, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. अशा वेळी जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची ऊबदार राहते, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. थंडीत रात्री नाशिकरोडच्या रेल्वेची शिट्टी दूरवर ऐकू येते ती यामुळेच. ज्याने जानेवारीतली उघडी जागा निवडली त्याने आसपासच्या सगळ्या लग्नांना आमंत्रण दिलं, एवढाच त्याचा अर्थ. एका क्षणी तबलजींनी हात उचलून मांडीवर ठेवले आणि ढोलाला समेवर येऊ दिलं. ढोल आला नाही.

आणि आता दहाचा प्रश्न. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षाचे जास्तीत जास्त 15 दिवस मुभा देऊ शकतं, तीही रात्री 12 पर्यंतच. नियम योग्य आहे. तो नसता तर नाशकात डिसेंबर ते फेब्रुवारी कोणी झोपलं नसतं. पण बागेश्रीचा प्रहर नऊ ते बारा. म्हणजे तिला तिच्या वेळेचा तासभर मिळतो. मालकंस रागाची वेळ बारानंतरची. उघड्यावर, मायकावर, त्याच्या वेळेला मालकंस ऐकणं आता कायद्यात बसतच नाही. पूर्वी सवाई गंधर्वला लोक रात्रभर बसत आणि पहाटेचे राग पहाटे ऐकत, ते आठवून उसासे टाकायचे, बस. मात्र बंदिस्त सभागृहाच्या आतल्या आवाजाला ही दहाची मर्यादा नाही. आणि नाशकात सभागृहं नाहीत असं नाही. शालिमारला कालिदास कलामंदिर आहे, सार्वजनिक वाचनालयाचं साईखेडकर आहे, पंचवटीत तर पलुस्करांच्याच नावाचं आहे. भिंती आहेत, छप्पर आहे, जमिनीला पक्क्या बसवलेल्या खुर्च्या आहेत. मी समितीच्या एका सभासदाला विचारलं, की मग लॉन्स का? तो म्हणाला, 'पार्किंग.' माझ्या कुटुंबातल्या तीन लग्नांचे मुहूर्त याच कारणाने ठरलेत, त्यामुळे मी गप्प बसलो. पण हे उत्तर चुकीचं आहे. गाडीसाठी जागा शोधायची आणि गाणं तिथे लावायचं, हा उलटा कारभार आहे. श्रोते रिक्षाने येतील. पहाटे पाडवा पहाटेला पिंपळपारावर अख्खं गाव चालत येतंच की.

बागेश्री साडेनऊला आटोपती घेतली. मग आभारप्रदर्शन. हो, भैरवीच्या आधी, कारण नंतर लोक थांबत नाहीत. प्रायोजक, माध्यमं, पोलीस, महापालिका, मंडप, फुलवाले, 'आणि ज्यांचे नाव अनवधानाने राहिले असेल त्यांचे'. भैरवी 9 वाजून 50 मिनिटांनी. बुवांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, कोमल रिषभावर आले, डोळे मिटले, आणि त्या आठ मिनिटांत जे गायले ते या सगळ्या कटकटीतूनही कानात राहिलंय. 9:58 ला साउंडवाल्याने फेडर खाली ओढला. अंतऱ्याच्या मधे. बुवा तसेच गात राहिले, माइकशिवाय; ओठ हलताना दिसत होते. मला माझ्या जागेवरून फक्त डीजे ऐकू येत होता. त्याला दहा वाजलेले कळले नव्हते. मी पार्किंगमधून गाडी काढली तेव्हाही कळले नव्हते.

बाहेर पडताना एका स्वयंसेविकेने अभिप्रायाचा कागद आणि पेन दिलं. 'काका, दोनच मिनिटं.' कागदावर 'ध्वनिव्यवस्था' या मथळ्यापुढे दोन चौकोन होते: 'उत्तम' आणि 'अतिउत्तम'. 'आसनव्यवस्था'पुढेही तेच दोन. मी कागद उलटा केला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि लिहायला लागलो: साउंडला स्वतंत्र फेज द्यावी, डिमर नि माळा त्यावर घेऊ नयेत, सगळ्या साउंडला एकच अर्थ असावा आणि तो कोणी काढू नये, मायकाची केबल विजेच्या केबलला समांतर नेऊ नये, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी, मागच्या स्पीकरला अंतराप्रमाणे उशीर लावावा, शिंपल्यावर पडदा सोडावा, मोर झाकला तरी चालेल, वाद्यं तासभर आधी स्टेजवर ठेवावीत, सत्कार मध्यंतरात आणि दोन शालींत आटपावेत, कॉफीचं मशीन गेटबाहेर न्यावं, हिरवळीला आदल्या दिवशी पाणी द्यावं. आणि पाचशे रुपयांत गाण्याबरोबर खुर्चीही येते का, ते तिकिटावर

एवढ्यात ती मुलगी परत आली.

'अहो काका, मागे नका लिहू. मागच्या बाजूला स्पॉन्सरची जाहिरात छापायचीय अजून.'